कानबाईचं गाणं सगळ्यांचं, रेकॉर्डिंग तुमचं: अहिराणी सिनेमा-गाण्यांची चोरी कशी अडवायची

मुंबईच्या मोठ्या सिनेमाचे निर्माते प्रदर्शनाच्या आधीच उच्च न्यायालयातून आदेश आणून ठेवतात. शिरपूर, पारोळा, साक्री किंवा मालेगावात सहा-आठ लाखांत उभ्या केलेल्या सिनेमाला ते परवडत नाही, आणि त्याची चोरीही वेगळ्या तऱ्हेने होते. त्यासाठी कुणी टॉकीजमध्ये कॅमेरा लपवून नेत नाही. यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवतात, कोपऱ्यातला लोगो कापतात आणि दुसऱ्याच चॅनलवर चढवतात. टेलिग्रामवर फाइल पडते. तालुक्याचा केबलवाला रात्री जेवणाच्या वेळी लोकल चॅनलवर लावून देतो. सुरत-पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये पेन ड्राइव्हवर फिरतो. ‘लिंक धाड ना भो’ एवढ्यावर सगळं चालतं.

कायदा छोट्या निर्मात्यालाही तेवढेच हक्क देतो, पण तो कागद बघतो. तक्रार फेटाळली जाते तेव्हा बहुधा चोरी झाली की नाही हा वादच नसतो. वस्तू आपली आहे हे तक्रारदाराला दाखवता येत नाही, तिथे गाडी अडते. म्हणून सुरुवात शूटिंगच्या आधीपासून.

मालक कोण, हे आधी लिहा

कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे सिनेमा बनवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. दिग्दर्शक किंवा हिरो नव्हे. ज्याच्या चॅनलवर चढला तो तर नव्हेच. आपल्याकडे घोळ इथेच होतो. चौघे वर्गणी काढतात, कॅमेरा एकाचा, चॅनल दुसऱ्याचं, शूटिंग तिसऱ्याच्या मळ्यात, गाडी चौथ्याची. सिनेमा पडला तर कुणी काही विचारत नाही. चालला की चौघेही मालक, आणि एकाने चोरीची तक्रार केली की उरलेल्यांतला एखादा चोरालाच ‘मी परवानगी दिली होती’ असं लिहून देतो.

पहिल्या दिवसाच्या शूटिंगआधी एक पान पुरे. कुणी किती रक्कम घातली, हिस्सा किती टक्के, परवानगी कोण देणार, तक्रारीवर सही कुणाची. सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार.

गीतकार, संगीतकार, गायक, नट, कॅमेरामन यांच्याशी वेगळा करार हवा. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. फोनपेची पावती किंवा व्हॉट्सॲपवरचं ‘हो भाऊ, चालीन’ त्यासाठी पुरत नाही. करारात पाच गोष्टी लागतात: कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किंवा रॉयल्टी किती. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात तसं काही म्हटलेलं नसेल, तर ते हस्तांतरण संपतं. पाच वर्षांपूर्वी घाईत लिहून घेतलेल्या गाण्यांची मुदत आज टळलेली असू शकते, आणि निर्मात्याला त्याचा पत्ताही नसतो. जुने कागद काढून बघा.

नोंदणी सक्तीची नाही. काम तयार झालं की हक्क आपोआप मिळतो. तरी नोंदणीचं प्रमाणपत्र कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतं आणि पोलिस ठाण्यातला निम्मा वाद मिटवतं. अर्ज ऑनलाइन, नमुना १४. शुल्क चित्रपटाला ५,००० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, गीत किंवा पटकथेला ५००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि प्रमाणपत्र हातात यायला त्याहून बराच जास्त वेळ जातो. म्हणून चोरी झाल्यावर धावपळीने केलेल्या नोंदणीचा त्या मोसमात उपयोग नसतो. सिनेमाची नोंदणी कराच. वर्षाला चाळीस गाणी काढणाऱ्याने चाळीसही नोंदवायची गरज नाही. हळदीत आणि कानबाई देवीच्या मिरवणुकीत वाजणारी चार-पाच ओळखून तेवढी करावीत.

लोकगीत, बहिणाबाई आणि उसनं म्युझिक

कानबाईची गाणी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गौराईची गाणी, जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्यांचा कुणी मालक नाही. दुसऱ्या पार्टीने तेच गाणं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वाजंत्र्यांसह रेकॉर्ड केलं तर ती चोरी ठरत नाही, मग तुमचं गाणं कितीही आधी आलेलं असो. मात्र तुमचं रेकॉर्डिंग तुमचं, ६० वर्षं. तुम्ही नव्याने लिहिलेली कडवी तुमची, नव्याने बांधलेली चालही तुमची. आवाजाची पट्टी थोडी चढवून, वेग वाढवून, ‘डीजे मिक्स’ नाव देऊन तेच रेकॉर्डिंग चढवलं तर तक्रार पक्की. तक्रारीत ‘आमचं गाणं चोरलं’ असं मोघम लिहू नका. ‘आमचं ध्वनिमुद्रण वापरलं’ असं लिहा. पहिल्या वाक्याला समोरचा ‘हे तर लोकगीत आहे’ म्हणून उडवून लावतो.

बहिणाबाईंच्या कवितांबद्दल हाच गोंधळ असतो. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या आणि संग्रह १९५२ मध्ये निघाला. कवीच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याचा हक्क छपाईच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्या पहिल्या संग्रहातल्या कवितांचा हक्क २०१२ संपताना संपला. त्या शब्दांना तुम्ही नवी चाल लावू शकता. सिनेमात किंवा कॅसेटवर आलेली चाल आणि रेकॉर्डिंग मात्र वेगळी मिळकत. जी कविता नंतर कधी पहिल्यांदा छापली गेली, तिची साठ वर्षं तिच्या सालापासून मोजायची.

एक कडू गोष्ट इथेच सांगायला हवी. कॉमेडी व्हिडिओमागे हिंदी सिनेमाचं पार्श्वसंगीत टाकायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. मालेगावात २००० च्या सुमारास यंत्रमाग कामगारांच्या शुक्रवारच्या सुट्टीवर जो व्हिडिओ सिनेमा उभा राहिला, तो मोठ्या सिनेमांची खुशाल नक्कल करूनच. त्यातली मजा खरी आहे. पण आपल्या कायद्यात विडंबनाला नाव घेऊन दिलेली सूट नाही; ‘न्याय्य वापर’ म्हणून खासगी वापर, टीका, परीक्षण आणि बातमी एवढ्याच वाटा लिहिल्या आहेत. दुसऱ्याचं म्युझिक लावलेल्या व्हिडिओसाठी तुम्ही तक्रार केली, तर चोराच्या आधी तुमच्याच व्हिडिओवर दावा पडू शकतो. पाच-सात हजारांत गावचा कीबोर्डवाला बारा तुकडे करून देतो. ते घ्या आणि त्याच्याकडून सही घ्या.

फाइल घरातून बाहेर पडते तेव्हा

प्रदर्शनाआधीची गळती आतून होते. एडिटिंगच्या दुकानात, डबिंगला, आणि ‘मामाला दाखवायला’ दिलेल्या पेन ड्राइव्हमधून. बघायला द्यायची प्रत ४८० पिक्सेलची, आणि चौकटीच्या मधोमध ती घेणाऱ्याचं नाव फिकट अक्षरांत. दहा जणांना दिली तर दहा वेगळी नावं, वहीत नोंद. ड्राइव्हच्या लिंकवर डाउनलोड बंद केलं म्हणून निर्धास्त राहू नका. स्क्रीन रेकॉर्ड करायला दोन बटणं पुरतात. प्रत परत मागायची नसते, त्यावर नाव घालायचं असतं.

एडिटरचं बिल फेडलं की प्रोजेक्ट आणि मूळ फुटेज दोन हार्ड डिस्कवर घ्या, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा आणि दुकानातली प्रत समोर बसून पुसून घ्या. मूळ फुटेज हा मालकीचा उत्तम पुरावा असतो. चोराकडे तयार सिनेमा असतो. क्लॅप, चुकलेले टेक, कापून टाकलेले सीन त्याच्याकडे कधीच नसतात.

मोठ्या टॉकीजला सिनेमा डीसीपीच्या (टॉकीजसाठी बनवलेल्या डिजिटल प्रतीच्या) रूपात कुलूपबंद जातो. त्याची किल्ली ठरावीक सर्व्हरवर, ठरावीक तारीख-वेळेतच चालते. एकपडदा टॉकीज किंवा मंगल कार्यालयातल्या शोला अशी सोय नसते, तेव्हा पेन ड्राइव्ह ऑपरेटरच्या हाती देऊ नका. स्वतःचा लॅपटॉप लावा, शो संपला की वायर काढून घरी या.

कोपऱ्यातला लोगो कापायला एक मिनिट लागतं. त्यापेक्षा नाव दृश्यातच पेरा: किराणा दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची अक्षरं, पाटलाच्या ओट्यावरचं कॅलेंडर. गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी कंपनीचं नाव गायकाच्याच तोंडी टाका, ते काढायला गेलं की ताल मोडतो.

शेवटच्या फाइलचा हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला की आकडे-अक्षरांची ६४ खुणांची ओळ मिळते, आणि फाइलमधली एक चौकट जरी बदलली तरी पूर्ण ओळ बदलते. ही ओळ स्वतःला आणि भागीदाराला त्याच दिवशी मेल करा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या व्हिडिओचा हॅश काढू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि ओळ जुळत नाही. हॅशने मालकी सिद्ध होत नाही. त्या तारखेला ही फाइल अशीच तुमच्याकडे होती, एवढंच सिद्ध होतं, पण तेवढं कोर्टात फार उपयोगी पडतं.

आणि सिनेमा यूट्यूबवर सगळ्यात आधी तुमच्याच चॅनलवर चढला पाहिजे. सारख्या व्हिडिओंची जुळणी दाखवणारं यूट्यूबचं साधन ‘पहिला कोण’ हे बघतं. दुसऱ्याने आधी चढवलं तर ते साधन मुकं राहतं आणि सगळं हाताने शोधावं लागतं.

पहिले ४८ तास

कानबाई श्रावणात एका रविवारी बसते, सोमवारी उठते. त्या आठवड्यात चोरलेल्या गाण्याची तक्रार पंधरा दिवसांनी मंजूर झाली तरी तुमच्या हाती काही लागत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची, पण तक्रारीच्या आधी पुरावा. तक्रार गेल्याचं कळताच चोर व्हिडिओ काढून टाकतो आणि मग दाखवायला काही उरत नाही.

फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा. आधी घड्याळ आणि तारीख दिसू द्या. ब्राउझर उघडून लिंक टाका. व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये, शेवटी थोडा थोडा चालवा. चॅनलचं नाव, चढवल्याची तारीख, व्ह्यूजचा आकडा, खालचं वर्णन दाखवा. मग चॅनलच्या माहितीच्या पानावर जाऊन चॅनल आयडी कॉपी करा. ही इंग्रजी ‘यूसी’ अक्षरांनी सुरू होणारी लांब ओळ असते. चोर चॅनलचं नाव आणि फोटो दर आठवड्याला बदलतो, आयडी बदलत नाही. यानंतर त्याच गोष्टींचे स्वतंत्र स्क्रीनशॉट घ्या. तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका.

कॉमेंटमध्ये शिव्या देऊ नका. ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा रे’ असं चाहत्यांना सांगण्यातही अर्थ नाही. कॉपीराइटसाठी मालकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने भरलेला अर्जच ग्राह्य धरला जातो.

यूट्यूबच्या कॉपीराइट अर्जात तुमच्या मूळ व्हिडिओची लिंक, चोरीच्या व्हिडिओची लिंक, पूर्ण वापरला की कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत, आणि तुमचं कायदेशीर नाव द्यावं लागतं. काढण्यासाठी दोन पर्याय येतात: लगेच, किंवा ७ दिवसांची मुदत देऊन. सणाच्या गाण्याला लगेच. गावातल्या एखाद्या पोराने हौसेने चढवलं असेल तर ७ दिवस द्या, तो स्वतः काढतो आणि त्याच्या चॅनलला डाग लागत नाही. पुन्हा तीच प्रत चढू नये यासाठीही एक चौकोन असतो, त्यावर खूण करायला लोक विसरतात. ९० दिवसांत तीन स्ट्राइक (अशा तक्रारींवरून लागलेले डाग) पडले की चॅनल बंद होऊ शकतं.

मालक म्हणून दिलेलं नाव काढलेल्या व्हिडिओच्या जागी लोकांना दिसू शकतं, आणि तक्रारदाराचा तपशील समोरच्यापर्यंत पोहोचू शकतो. गायिकांनी घरचा पत्ता आणि स्वतःचा नंबर देण्याऐवजी कंपनीचं नाव, कामाचा मेल आणि कार्यालयाचा पत्ता द्यावा.

समोरच्याने प्रतिदावा केला तर घड्याळ तुमच्यावर येतं. १० कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कोर्टात गेल्याचा कागद यूट्यूबला दाखवला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. निर्ढावलेल्या चोरांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून मोठ्या चॅनलविरुद्ध तक्रार करण्याआधी वकिलाशी बोलून ठेवा.

टेलिग्रामवर नुसत्या चॅनलची लिंक देऊन भागत नाही. ज्या संदेशात फाइल आहे त्या प्रत्येक संदेशाची वेगळी लिंक कॉपी करून त्यांच्या कॉपीराइट तक्रारीच्या मेलवर पाठवा. चॅनल गेलं की ‘बॅकअप चॅनल जॉइन करा’ म्हणून दुसरं येतं, ते पिन केलेल्या संदेशात आधीच लिहिलेलं असतं. तेही त्याच दिवशी टिपून ठेवा. टेलिग्राम नाव सांगतच नाही असं समजू नका: क्लासच्या नोट्स आणि व्हिडिओ चोरीच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये चॅनल चालवणाऱ्यांचा तपशील द्यायला लावला होता. व्हॉट्सॲपवर गेलेली फाइल परत आणता येत नाही. ग्रुपच्या ॲडमिनला सभ्य भाषेत लिहा, बरेचदा काम होतं.

वेबसाइटवर सिनेमा असेल तर साइटवाल्याला, ती साइट जिथे ठेवली आहे त्या होस्टिंग कंपनीला आणि गुगलच्या शोधातून काढण्यासाठी गुगलला, असे तीन वेगळे अर्ज करावे लागतात. गुगलने काढलं म्हणजे साइटवरून गेलं असं होत नाही. शोधात दिसेनासं होतं, इतकंच. पण तेवढ्यानेही निम्मे लोक परत फिरतात.

भारतीय कायद्याखाली मध्यस्थ कंपनीला (यूट्यूब, टेलिग्रामसारख्या) द्यायची नोटीस साधारण अशी असते:

‘मी … या अहिराणी चित्रपटाचा निर्माता व कॉपीराइटधारक आहे. चित्रपट दिनांक … रोजी … या चॅनलवर प्रथम प्रकाशित झाला. मालकीचे कागद व नोंदणी प्रमाणपत्र सोबत आहे. पुढील लिंकवर माझ्या परवानगीशिवाय संपूर्ण चित्रपट उपलब्ध आहे: … . हा वापर कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ मधील कोणत्याही अपवादात बसत नाही. कॉपीराइट नियम २०१३, नियम ७५ प्रमाणे ही नोटीस मिळाल्यापासून ३६ तासांत सदर मजकुराचा मार्ग बंद करावा. मुदतीत सक्षम न्यायालयाचा आदेश सादर करण्याची हमी देतो.’

शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. बंदी २१ दिवसांची असते. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर कंपनी मजकूर परत सुरू करू शकते. हमी फुकट द्यायची नाही.

सिनेमासाठी आणखी एक वाट २०२३ पासून उघडली आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंत्रालय आणि सेन्सॉर बोर्ड मिळून १२ नोडल अधिकारी नेमले. मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने लिंकसह अर्ज केला की ४८ तासांत कारवाई अपेक्षित असते. अर्जदार मालक नसेल तर अधिकारी सुनावणी ठेवू शकतो, म्हणजे पुन्हा कागदावरच येतं.

उलटी चोरी: तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा

अहिराणी गाण्यांत हा प्रकार फार. गायक तेच गाणं दोन कंपन्यांना देतो, किंवा एखादा चलाख माणूस ते उचलून डिजिटल वितरकामार्फत स्वतःच्या नावाने टाकतो. मग यूट्यूबची आपोआप ओळखणारी व्यवस्था मूळ व्हिडिओवर दावा लावते आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. घाबरून व्हिडिओ काढू नका, जुने व्ह्यूज आणि पहिल्या तारखेचा पुरावा दोन्ही गमावाल. हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करा, तिथे ७ दिवस. दावा लागल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते. उशीर केला तर मधल्या दिवसांचे पैसे गेले. सोबत गायकाचा करार आणि स्टुडिओचं बिल तयार ठेवा. गायकाशी करार नसेल तर आधी त्याच्या घरी जाऊन चहा घेतलेला बरा.

पोलिस आणि कोर्ट

जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. ठाण्यात ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असं सांगितलं तर हाच निर्णय छापून पुढे ठेवायचा. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी चोरीच्या प्रती वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. ‘सायबरकडे जा’ म्हटलं तर जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यात अर्ज द्या आणि स्थानिक ठाण्याची पोच घेऊन ठेवा. तरीही नोंद झाली नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

अर्जासोबत डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब ची जागा १ जुलै २०२४ पासून याने घेतली. याचे दोन भाग असतात: अ तुम्ही भरायचा, ब तज्ज्ञाने. फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), रेकॉर्डिंगचा हॅश सगळं त्यात येतं. लोक जुना नमुना भरून आणतात आणि खटल्याच्या वेळी अडकतात.

दिवाणी दाव्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कलम ६२ मुळे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, चोर दिल्लीत बसलेला असला तरी. धुळे, जळगाव, नंदुरबार कुठेही चालेल. तातडीचा मनाई हुकूम मागा, तो २१ दिवसांच्या हिशेबातही कामी येतो. चोराचं नाव माहीत नसेल तर अज्ञात इसमाविरुद्धही आदेश मिळतो. वकिली भाषेत त्याला ‘अशोक कुमार’ म्हणतात.

महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करणाऱ्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ही घातला गेला. ते हत्यार प्रशासनाचं, तुमच्या अर्जाने आपोआप चालत नाही.

केबल, ट्रॅव्हल्स आणि मंडळ

२०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात दोन नवी कलमं आली. एक टॉकीजमध्ये रेकॉर्डिंग करण्याविरुद्ध, आणि त्यात सिनेमाचा भागही धरला आहे, त्यामुळे ‘मी तर तीस सेकंदांचं स्टेटस टाकलं’ ही ढाल फार भक्कम नाही. दुसरं चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवण्याविरुद्ध. शिक्षा ३ महिने ते ३ वर्षं कैद. दंड किमान ३ लाख रुपये, कमाल लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्के. गणित करून बघा: ५ टक्के ३ लाखांच्या वर जायला खर्च ६० लाखांपुढे लागतो. आठ लाखांच्या सिनेमाचे ५ टक्के होतात ४० हजार. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाला किमान आकडाच लागू. तरी हिशेब लेखापालाकडून तपासून घ्या, नुकसानभरपाई मागताना तोच कागद लागतो.

केबलवाल्याशी भांडण्याआधी टीव्हीच्या पडद्याचं रेकॉर्डिंग करा, चॅनल क्रमांक, वेळ आणि मध्ये लागणाऱ्या गावातल्या जाहिराती दिसतील असं. जाहिराती महत्त्वाच्या, कारण त्यावरून नफा दिसतो. बऱ्याच केबलवाल्यांशी लेखी परवानगी आणि रात्रीमागे ठरावीक रक्कम असा सौदा जमतो. तो गावचाच माणूस असतो, पुढचा सिनेमाही त्यालाच हवा असतो.

गणेशोत्सवात पडदा लावणाऱ्या मंडळांनी एवढं ध्यानात ठेवावं: तिकीट नाही म्हणून परवानगी लागत नाही, असं नाही. ओटीटीचं वर्गणीचं खातं घरी बघण्यासाठी असतं, चौकात दाखवण्यासाठी नव्हे. निर्मात्याचं पत्र घ्या, त्यात तारीख, जागा, किती शो, किती रक्कम. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत घ्या, पोलिस परवानगीच्या अर्जाला दोन्ही जोडा. शाळेला सूट आहे: कार्यक्रम शाळेचा आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील तर सिनेमा दाखवता येतो. गावाला आमंत्रण दिलं की सूट गेली.

बघणाऱ्याचं काय?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. पण टोरेंटने उतरवताना तुमचा संगणक त्याच वेळी दुसऱ्यांना तुकडे पुरवत असतो, म्हणजे नकळत तुम्ही वाटप करताच. ग्रुपवर फाइल टाकणं हे तर उघड वाटपच. सदस्याने टाकलेल्या गोष्टीसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात सांगितलं आहे. मात्र ॲडमिनच ‘नवीन पिक्चर’ नावाचा ग्रुप चालवत असेल तर ही सबब टिकणं अवघड.

फुकट सिनेमाच्या नावाखाली येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) फोनमध्ये घालू नका. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

निर्मात्यांनी एक काम वहीत तारखेसह लिहून ठेवावं. काढून टाकलेली गाणी दर मोसमाला परत चढतात. आखाजीच्या पंधरा दिवस आधी, श्रावण लागताच आणि लग्नसराईच्या तोंडावर, अशी वर्षातून तीनदा गाण्याच्या नावाने, गायकाच्या नावाने आणि पहिल्या ओळीने शोध घ्यायचा. पहिली ओळ देवनागरीत टाका, मग इंग्रजी अक्षरांत, मग मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने. चोर बहुतेक तिसऱ्या शोधात सापडतात.